सोग्नेफियॉर्ड : एका दिवसात बघून परतू नका

निर्झरा :

नमस्कार मंडळी,

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनला राहून आता नऊ वर्षं होतील. दर उन्हाळ्यात पुण्याहून, नाशिकहून कुणी ना कुणी ओळखीचं येतं आणि बहुतेकांचा बेत एकच असतो. सकाळी बर्गनहून आगगाडी, मिर्डालला गाडी बदलून फ्लोम, तिथून गुदवांगेनपर्यंत दोन तास बोट, मग बस, आणि रात्री जेवायला परत बर्गन. "फियॉर्ड झाला" म्हणतात, म्हणजे डोंगरांत आत शिरलेलं समुद्राचं ते चिंचोळं पाणी बघून झालं, आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसतात. त्या वाटेवर दिसतं ते सुंदरच आहे. पण बोटीतून ज्या लाल-पांढऱ्या घरांचे फोटो काढले त्या घरांतली माणसं गवत कधी कापतात, शेळ्या कुठे चरायला नेतात, देवळात कधी जातात, यातलं काहीच हाती लागत नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

गेल्या जूनमध्ये आई-बाबा आले तेव्हा ठरवलं, आठ रात्री एकाच काठावर राहायचं. बाबा ७१, आई ६६. जागा निवडली लुस्त्राफियॉर्ड. सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून आत २०५ किलोमीटर जातो, नॉर्वेतला सगळ्यांत लांब. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे त्याला उपफियॉर्ड फुटलेत, आणि लुस्त्राफियॉर्ड ही त्यातली सगळ्यांत आतली फांदी. चाळीसेक किलोमीटर लांब, टोकाला शोल्डन नावाचं गाव. बर्गनहून सोग्नडालपर्यंत जलद बोट जाते, पाचेक तास लागतात. पुढे एसटीसारखी स्थानिक बस.

आम्ही सोलवॉर्नला उतरलो. पाण्याला लागून पांढऱ्या लाकडी घरांची एक ओळ, मागे चढण, वर सफरचंदांच्या बागा. इथलं वॉलाकर हॉटेल १६९० पासून एकाच घराण्याकडे चालत आलंय. आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं, आम्ही स्वयंपाकघर असलेली लहान लाकडी खोली घेतली. इथे त्याला हिट्टे म्हणतात. पहिल्या संध्याकाळी बाबा धक्क्यावर जाऊन बसले ते रात्री साडेअकरापर्यंत हललेच नाहीत. अंधारच पडत नव्हता. इथे ६१ अंशांवर मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, तो खूप उत्तरेला. पण जूनमध्ये आभाळ रात्रभर फिकट निळं राहतं.

आणि पाणी! आईने पहिल्या दिवशी विचारलं, "हे हिरवं कसं गं? रंग टाकलाय का?" वर योस्टेडाल्सब्रेन ही हिमनदी आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यांत मोठी. ती खडक दळत खाली सरकते. ते दगडी पीठ उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर फियॉर्डमध्ये उतरतं, आणि पाण्याला दुधात हिरवा रंग कालवल्यासारखी छटा येते. बोटीने फ्लोम-गुदवांगेन वाटेवरचा नॅरोयफियॉर्ड बघून परत गेलेल्यांना हा रंग भेटत नाही.

समोरच्या काठावर उर्नेसचं जुनं लाकडी चर्च आहे. त्याबद्दल वेगळं लिहिते, तो भाग घाईत उरकायचा नाहीये.


सह्यसोबती :

वाचनखूण साठवली. ट्रेकिंगचं लिहा ना सविस्तर. आम्ही चौघं ऑगस्टमध्ये येतोय, सह्याद्रीत वीस वर्षं भटकलोय, पण बर्फाचा अनुभव शून्य. आणि तंबू कुठेही ठोकता येतो असं ऐकलंय ते खरं आहे का?


गुहागरी :

निर्झराताई, सुंदर सुरुवात. माझं लहानपण दाभोळच्या खाडीवर गेलं. पलीकडे मामाचं गाव, तरीतून जायचो. "धक्क्यावर बसले ते हललेच नाहीत" हे वाचून तुमच्या वडिलांशी लगेच ओळख झाल्यासारखी वाटली. एक शंका आहे. फियॉर्ड म्हणजे शेवटी खाडीच ना? मग आपल्या खाडीत आणि त्यांच्या खाडीत नेमका फरक काय?


कातळवाट :

गुहागरी, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

दोन्ही ठिकाणी समुद्राचं पाणी दरीत शिरलंय, एवढंच साम्य. आपली वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री या नद्यांनी दऱ्या कोरल्या, मुखाशी समुद्र आत आला, आणि नद्या आजही गाळ आणून ती जागा भरत असतात. म्हणून आपल्या खाड्या उथळ, काठाला कांदळवन, भरती-ओहोटीला चिखल उघडा पडतो.

फियॉर्ड नदीने सुरू केला आणि बर्फाने खोदला. शेकडो मीटर जाडीची हिमनदी दरीतून सरकताना तळ आणि भिंती दोन्ही खरवडते. दरीचा काप इंग्रजी यू सारखा होतो. वजन इतकं प्रचंड, की समुद्रपातळीच्या कितीतरी खालीही ती खोदत राहते. सोग्नेफियॉर्डची खोली १३०० मीटरपेक्षा जास्त आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या तळाशी नेऊन ठेवलं तर पाण्याबाहेर जेमतेम साडेतीनशे मीटर दिसेल. गंमत म्हणजे समुद्राजवळ, मुखाशी, हीच खोली एकदम कमी होते. तिथे बर्फ पसरला, पातळ झाला, खोदण्याची ताकद संपली. त्यामुळे मुखाशी पाण्याखाली उंबरठा राहिला. मुलांना मी सांगायचो, घराचा उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकावं आणि आत विहीर असावी, तसा फियॉर्ड.

धबधब्यांचं कारणही तेच. मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल नेली, बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं खोदता आलं नाही. बर्फ गेल्यावर त्या बाजूच्या दऱ्या अधांतरी लटकत राहिल्या आणि त्यांचं पाणी कड्यावरून थेट खाली.


गुहागरी :

कातळवाट सर, उंबरठ्याची उपमा कायमची लक्षात राहील. आमच्या हिलाही वाचून दाखवलं.


निर्झरा :

सर, फार सुंदर. बाबांना हे आधी सांगता आलं असतं तर! समोरच्या, उर्नेसच्या काठावर असाच लटकत्या दरीतून उडी घेणारा फाइगेफोसन धबधबा आहे, २१८ मीटरची सलग उडी. रस्त्यापासून जंगलातून अर्धा-पाऊण तास चढ आहे. आई निम्म्या वाटेत दगडावर बसली आणि तिथूनच पुरे म्हणाली. तिथवरही पाण्याचा आवाज छातीत जाणवतो.

सह्यसोबती, तुमच्यासाठी. हो, खरं आहे. इथे त्याला "आलेमान्सरेत" म्हणतात, सगळ्यांचा हक्क. परंपरा जुनी, कायदा १९५७ चा. जमीन कुणाचीही असो, डोंगर, रान, किनारा यांवर कुणीही पायी फिरावं, रानातली ब्लूबेरी वेचावी, रात्र काढावी. पण हक्काबरोबर बंधनं येतात आणि ती पाळली गेली नाहीत म्हणून फियॉर्डकाठचे लोक गेली काही वर्षं त्रासलेत. तंबू घरापासून, हिट्टेपासून किमान १५० मीटर लांब. एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारायचं. शेतात आणि गवताच्या कुरणात अजिबात नाही. ते कुरण आपल्याला रिकामी हिरवळ वाटते, पण ते हिवाळ्यातलं गुरांचं पोट असतं. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ शेकोटी पेटवायची नाही.

चढाईसाठी पहिल्याच दिवशी मोल्डेन करा. १११६ मीटर, पण गाडीरस्ता निम्म्या उंचीपर्यंत जातो, तिथून दोन-अडीच तास. आधी पाइनचं रान, मग उघडी सोंड, आणि माथ्यावर पोचलात की पायाखाली अख्खा लुस्त्राफियॉर्ड दोन्ही बाजूंना. सह्याद्रीत घसारा चालून गेलेल्यांना वाट अवघड नाही, पण ओली मुळं आणि गुळगुळीत खडक यांचा भरवसा धरू नका. बूट चांगले हवेत.

इथल्या ट्रेकिंग संघटनेची, डीएनटीची, स्थापना १८६८ ची. डोंगरवाटांवर दगडांना लाल रंगात "टी" रंगवलेला दिसेल, तोच तुमचा बाण. आणि इथे शाळेतल्या पोरांनाही डोंगराचे नऊ नियम पाठ असतात. त्यातला आठवा मला सगळ्यांत आवडतो : वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

बर्फाचा अनुभव नसेल तरी निगार्ड्सब्रेन या हिमनदीवर जाता येईल, फक्त वाटाड्याबरोबर. ते दोर बांधतात, बुटाला खिळे देतात. हिमनदीच्या तोंडाशी जिथे दोरी बांधून "पुढे जाऊ नका" लिहिलंय, ती दोरी कुणीही ओलांडू नका. बर्फाचे घराएवढे तुकडे पूर्वसूचना न देता कोसळतात. लोक फोटोसाठी पुढे गेलेत आणि जिवानिशी गेलेत.


मेघमल्हार :

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. आम्ही नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी हाच एका दिवसाचा प्रवास केला. आयुष्यभर नोकरी, मुलांची शिक्षणं, आणि मग निवृत्तीनंतर बारा दिवसांत तीन देश. त्यात फियॉर्डला एकच दिवस येत होता. सहल नेणाऱ्यांनी फ्लोममध्ये दीड तास देतो सांगून चाळीस मिनिटं दिली, तेवढी एक तक्रार. पण नॅरोयफियॉर्डमध्ये बोट शिरली आणि दोन्ही कडे जवळ आले तेव्हा हिने माझा हात धरला तो बोट लागेपर्यंत सोडला नाही. तो दिवस कमी होता असं मला कुणी म्हणू नये. सगळ्यांना आठ रात्री परवडत नाहीत, सगळ्यांची लेक बर्गनला नसते.


निर्झरा :

मेघमल्हार काका, राग कसला? तुमचं बरोबर आहे, आणि धाग्याच्या शीर्षकात मी जरा जास्तच ठासून बोलले. नॅरोयफियॉर्ड सगळ्यांत अरुंद ठिकाणी अडीचशे मीटरवर येतो आणि दोन्हीकडे डोंगर हजार-दीड हजार मीटर उठतात. २००५ मध्ये गाइरांगरफियॉर्डबरोबर त्याला जागतिक वारसा मानलं गेलं ते उगाच नाही. काकूंनी हात धरला, मी पहिल्यांदा गेले तेव्हा रडले होते.

फ्लोमच्या आगगाडीलाही मी कमी लेखत नाही. वीस किलोमीटरमध्ये ८६६ मीटर चढते, वीस बोगदे, त्यातले अठरा माणसांनी हाताने खोदलेले. १९२० च्या दशकात काम सुरू झालं, १९४० ला गाडी धावली. आपल्या खंडाळ्याच्या घाटाची ज्याला ओढ आहे त्याने ती चढण बघावीच.

मग ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांच्यासाठी माझी विनंती बदलते. त्याच वाटेवर एक रात्र मुक्काम करा. फ्लोमऐवजी आउरलँडला किंवा उन्द्रेडालला. दुपारी मोठी जहाजं आणि बस निघून गेल्या की संध्याकाळी सहानंतर तीच जागा वेगळी होते. उन्द्रेडाल तर एवढंसं गाव, माणसांपेक्षा शेळ्या जास्त. तिथे गाडीरस्ता १९८८ मध्ये आला, तोवर सगळं बोटीने. चाळीसेक माणसं बसतील एवढं जुनं लाकडी चर्च आहे, आणि शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज. दूध फाडून उरलेली निवळी तासन्‌तास आटवतात, आतली साखर करपट-गोड होईपर्यंत. पहिला घास घेतल्यावर आईच्या तोंडून निघालं, "अगं, हा तर खरपूस खवा!" चव नेमकी तीच आहे, शेवटी जराशी खारट.


अबोली :

खव्यावरून विचारते. आम्ही शुद्ध शाकाहारी, बरोबर सासूबाई. खेड्यात खाण्याचे हाल होतात का? बरोबर काय आणू?


निर्झरा :

अबोली, खेड्यात हॉटेलं मोजकी आणि पाच-सहालाच स्वयंपाकघर बंद करणारीही असतात, त्यामुळे स्वयंपाकघर असलेलं हिट्टेच घे. गाउप्ने, सोग्नडाल इथे मोठी दुकानं आहेत. मसूर, चणे, तांदूळ, कोबी, फ्लॉवर, दही सगळं मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेव. घरून भाजणी, मेतकूट, मसाले, पोहे आण. तूप, पेढे, पनीर मात्र आणू नकोस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. माझ्या आईचं साजूक तूप असंच गेलं.

जुलैत जाणार असाल तर रस्त्याच्या कडेला चेरी, रासबेरीचे ठेले लागतील. बहुतेक ठिकाणी माणूस नसतो. टोपली, किमतीची पाटी आणि पैशांचा डबा. इथले लोक मोबाइलवर व्हिप्सने पैसे देतात, पण त्याला इथलं बँक खातं लागतं. म्हणून थोडे सुटे क्रोन जवळ ठेवा. लुस्त्राफियॉर्डच्या काठाची रासबेरी खाल्ली की दुकानातली आवडेनाशी होते. ६१ अंशांवर फळं येतात याचंच मला नवल वाटायचं. समुद्राची ऊब आतवर येते, डोंगर पावसाचे ढग अडवतात, उन्हाळ्यात दिवस अठरा-एकोणीस तासांचा. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, तर आतल्या लॅर्डालला त्याच्या चौथाईच्या आसपास. तिथले शेतकरी पूर्वापार पाटाने पाणी देत आलेत.


रानजाई :

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. धागा वाचून शेजारच्या आजोबांना लुस्टर, म्हणजे लुस्त्राफियॉर्डच्या काठचा भाग, हे नाव सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांचे पणजोबा तिथलेच. आमच्या भागात सोग्नहून आलेल्यांची शेतं आजही आहेत. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांवर माणसं अमेरिकेत आली म्हणतात. एवढं सुंदर गाव सोडून लोक का गेले असतील, हा प्रश्न मी त्यांना विचारला. ते म्हणाले, सुंदर होतं, पण जमीन कुठे होती?


निर्झरा :

रानजाई, हे वाचून थांबलेच. आजोबांचं म्हणणं तिथे गेल्यावर डोळ्यांना दिसतं. पाणी आणि कडा यांच्यामध्ये शेताची पट्टी एवढीशी, वर कुठेतरी कपारीत टांगलेलं एखादं शेतघर. थोरल्याला घर मिळालं की धाकट्यांनी करायचं काय? कोकणातून मुंबईला गिरणीत गेलेली माणसं आठवली मला, बाबांच्या आजोबांसारखी.

फ्लोमजवळ ओटेर्नेस नावाची एक जुनी वाडी जपून ठेवलीय. २७ लाकडी इमारती एकमेकींना खेटून : राहायचं घर, गोठा, धान्याचं कोठार, लोहारशाळा. आजोबांची नातवंडं कधी इकडे आली तर त्यांना ती जरूर दाखवा, कारण पणजोबा जसे राहिले असतील ते तिथे कळतं.

आता हिमनदीखालच्या योस्टेडाल या दरीची एक गोष्ट, लोककथाच आहे. १३४९ च्या सुमारास प्लेगची साथ आली तेव्हा काही कुटुंबं जीव वाचवायला या दरीत येऊन राहिली. बाहेरच्यांना बंदी, पत्रं सुद्धा दरीच्या तोंडाशी एका दगडाखाली ठेवायची. तरी रोग पोचला. नंतर लोक शोधत आले तेव्हा रानात एकच लहान मुलगी जिवंत सापडली, माणसांना बिचकून पळणारी. तिला त्यांनी नाव दिलं रिपा, बर्फाळ डोंगरातला तित्तिरासारखा एक पक्षी असतो त्याचं. करोनाच्या वर्षात इथल्या लोकांच्या बोलण्यात ती पुष्कळदा आली.

त्याच दरीत निगार्ड्सब्रेन आहे. नावातल्या निगार्डचा अर्थ नऊ शेतघरं असा सांगतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हवा गारठली आणि हिमनदी पुढे सरकत सरकत शेतं-घरं गिळत गेली. १७४८ मध्ये ती सगळ्यांत पुढे होती. तेव्हापासून मागे हटतेय. तिने टाकलेल्या दगडमातीचे बांध आजही दरीत एकामागे एक ओळीने दिसतात. आज ज्या तळ्यातून बोट हिमनदीकडे नेते, ते तळं शंभर वर्षांपूर्वी बर्फाखाली होतं. मी पहिल्यांदा आले त्यानंतरच्या नऊ वर्षांतही चालायचं अंतर वाढलेलं मला स्वतःला कळतंय. बाबा खडकावर हात ठेवून म्हणाले, "हा दगड आत्ता कुठे ऊन बघतोय."


सह्यसोबती :

शोल्डनला त्या तत्त्वज्ञाचं घर आहे ना? विटगेनस्टाइन? तिथवर चढता येतं का?


निर्झरा :

हो. १९१३ मध्ये तो शोल्डनला आला, एकांत हवा म्हणून. तळ्याच्या वर, कड्यावर त्याने घर बांधून घेतलं. तो ऑस्ट्रियाचा, म्हणून गावकरी त्या घराला "ऑस्ट्रिया" म्हणायचे. खालच्या तळ्यातून बादलीने पाणी वर ओढायला त्याने रहाट बसवला होता. तो गेल्यावर घर उतरवून गावात नेलं, आणि २०१९ मध्ये ते परत मूळ पायावर उभं केलं. गावापासून तळ्याकाठची पायवाट, शेवटी खडा चढ, पाऊण तास धरा. वर बसलं की फक्त पाणी आणि डोंगर. हिवाळ्यात त्या दरीतल्या काही वस्त्यांना आठवडेच्या आठवडे ऊन लागत नाही. अशा अंधारात त्याने पहिला हिवाळा काढला.

शोल्डनहून पुढे सोग्नेफियेलचा घाटरस्ता लागतो, १४३४ मीटरवर पोचणारा. उत्तर युरोपातला सगळ्यांत उंच खिंडरस्ता. हिवाळ्यात बंद असतो. मेमध्ये उघडला की दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. गाडी असेल तर चुकवू नका.


कातळवाट :

निर्झरा, उर्नेसबद्दल वेगळं लिहिणार होतात.


निर्झरा :

सर, लिहिते. मुद्दाम शेवटी ठेवलं.

सोलवॉर्नहून छोटी फेरीबोट पलीकडे जाते, वीस मिनिटं. धक्क्यापासून किलोमीटरभर चढ. शेतांमधून, रासबेरीच्या वाफ्यांमधून वाट वर जाते आणि वळणावर ते दिसतं : काळपट तपकिरी, टप्प्याटप्प्याच्या छपराचं, लहानसं लाकडी चर्च. स्टाव्हकिर्के म्हणतात, खांबांचं देऊळ. ११३० च्या सुमाराचं. मध्ययुगात नॉर्वेत अशी हजाराहून जास्त होती, आज २८ उरलीत. उर्नेस त्यातलं सगळ्यांत जुनं, १९७९ पासून जागतिक वारसा.

लाकूड नऊशे वर्षं टिकलं कसं? आधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत रोवायचे, ते बुडाशी कुजायचे. मग कुणाला तरी सुचलं की खांब जोत्यावर, दगडावर टेकलेल्या आडव्या तुळईत बसवावेत. बाहेरून पाइनचं डांबर लावतात, आजही. उन्हात ते तापतं आणि सगळ्या परिसराला होडीचा वास येतो. बाबांनी दारातच सांगितलं, "हे होड्या बांधणाऱ्यांचं काम आहे."

उत्तरेच्या भिंतीवर एक कोरीव दार आहे. ते आणखी जुनं, अकराव्या शतकातलं. आधीच्या चर्चमधून काढून इथे बसवलेलं. चार पायांचा एक बारीक, लवचीक प्राणी, आणि त्याच्याभोवती वेलीसारखे गुंतलेले साप. कोण कुणाला चावतंय ते शोधताना नजर फिरत राहते, सुटत नाही. व्हायकिंग काळ संपत आला होता, ख्रिस्ती धर्म नवा होता, आणि हातांना जुनीच नक्षी येत होती. त्या शैलीला आता जगभर उर्नेस शैलीच म्हणतात. आतल्या खांबांच्या माथ्यावर प्राणी, पक्षी, पानं. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपातले कोरीव खांब मी लहानपणी मोजायचे. इथे नकळत तसेच मोजले.

आई दाराशी वाकून नमस्कार करून आली. तिला कुणी काही विचारलं नाही, तिकीटघरातल्या मुलीने फक्त हलकंसं हसून मान लवली.

मे ते सप्टेंबर उघडं असतं, आत माहिती सांगायला माणूस असतो. परतीच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा. सायकल असेल तर बोटीवर चढवा आणि पूर्वेच्या काठाने शोल्डनपर्यंत जा, तीसेक किलोमीटर. रस्ता एका गाडीपुरता, रहदारी जवळपास नाही, डाव्या हाताला सतत पाणी.

बस-बोटींच्या वेळांसाठी एंटूर आणि स्किस ही दोन अ‍ॅप पुरतात. हवामानासाठी वायआर (Yr) बघा, आणि तरी रेनकोट पिशवीत असू द्या.


गुहागरी :

आठ महिन्यांनी धागा वर काढतोय.

आम्ही दोघं सोलवॉर्नमध्ये आहोत. आज चौथा दिवस. निर्झराताईने सांगितल्याप्रमाणे सगळं जमलं, सुटे क्रोनसुद्धा कामी आले. मोल्डेन मला झेपणार नव्हता, पहिल्या उघड्या सोंडेवरूनच परतलो. आठवा नियम आठवला आणि बरं वाटलं.

कातळवाट सर, तुमचा उंबरठा मनात ठेवून बोटीत बसलो होतो. सोग्नडालकडे येताना पाण्याकडे बघत राहिलो. खाली हजार मीटर पाणी आहे हे कळूनही पृष्ठभाग आपल्या खाडीसारखाच शांत. फक्त चिखलाचा वास नाही, त्याची मला सारखी आठवण येते.

उर्नेसला काल गेलो. डांबराचा वास अगदी तोच, दाभोळला पावसाळ्याआधी होड्या उलट्या घालून लावायचे तो. मी बराच वेळ भिंतीजवळ उभा राहिलो. इथल्या एका वयस्क बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, सुतार आहात का? म्हटलं, नाही, वडील होते. मग त्यांनी मला मागच्या बाजूला नेऊन खांब तुळईत कसे बसवलेत ते बोटाने दाखवलं. भाषा फारशी लागलीच नाही.

हिला त्या दाराचं चित्र काढायचं होतं. निम्मं झालं आणि शेवटच्या बोटीची वेळ झाली. उद्या सकाळच्या पहिल्या बोटीने परत पलीकडे जातोय.